जमिनीखालचे पाणी कोणाचे? : वाढत्या शहरांतील भूजलाच्या अभ्यासाविषयी

१

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून लातूरच्या स्टेशनात आली. दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावावे लागले होते, कारण हंड्यावरून दंगल होईल अशी प्रशासनाला भीती वाटत होती. रेल्वेची छायाचित्रे देशभर छापून आली. दुष्काळाचे प्रतीक म्हणून आजही तीच रेल्वे सांगितली जाते.

परंतु साधा हिशेब करून पाहावा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या घरात होती. पाच लाख लिटर म्हणजे माणशी एक लिटरच्या थोडे वर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. तिचे पंचवीस लाख लिटर म्हणजे माणशी साडेसहा लिटर. एवढ्यात माणूस पिऊ शकेल. स्वयंपाक, धुणे, अंघोळ, संडास होणार नाही. मग त्या उन्हाळ्यात लातूर जगले कशावर? बोअरवर आणि टँकरवर. टँकरमधले पाणीही पुष्कळदा कुणाच्या तरी शेतातल्या विहिरीचे वा बोअरचेच असे. म्हणजे मांजरा धरण आटल्यावर शहराला तगवले ते जमिनीखालच्या पाण्याने. या पाण्याचे छायाचित्र निघत नाही, ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याची मालकी, त्याचे वाटप, त्याचा व्यापार हेही दिसत नाहीत. व्यवस्थेला हे अदृश्यपण सोयीचे असते.

या लेखात दोन गोष्टी मांडायच्या आहेत. हे पाणी आपल्या शहरांखाली कसे राहते व कुणाकडे जाते, ही एक. आणि कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी त्याचा अभ्यास आपल्या वस्तीत कसा करावा, ही दुसरी. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझ्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि एरवी दुसऱ्यांच्या विहिरी खोदल्या. भूजलाचे पहिले पाठ मी त्यांच्याकडून घेतले, पुस्तके नंतर आली.

२

मराठवाड्याचा बहुतेक भाग ज्या काळ्या खडकावर बसला आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. लाव्हा एकदाच आला नाही. थरावर थर साचत गेले. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट कातळ, वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा तांबडा पट्टा. सर्वांत वर माती आणि मुरूम. आजोबा म्हणत, "मुरमात पाणी राहतं, कातळात फक्त चिरीतून येतं." भूशास्त्र याहून फारसे वेगळे सांगत नाही.

आपला खडक वाळूसारखा नाही. गंगेच्या खोऱ्यातील गाळात पाणी साठायला भरपूर जागा असते. आपल्याकडे शंभर घनमीटर झिजलेल्या खडकातून हाती लागणारे पाणी एक ते तीन घनमीटर. बाकी सर्व दगड. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, लाव्हा संपून ग्रॅनाइटच्या जातीचा जुना खडक लागतो. तेथेही कथा तीच. शिवाय अशा खडकाच्या पाण्यात फ्लोराइड उतरण्याचा धोका. किनवट तालुक्यातील काही गावांनी तो भोगला आहे.

आता एक गणित फळ्यावर मांडल्यासारखे मांडू. लातूरला वर्षाला सरासरी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरा. कठीण खडकाच्या प्रदेशात त्यातला साधारण आठ टक्के मुरतो असे धरा. म्हणजे ६४ मिलिमीटर. खडकात पाण्याला जागा दोन टक्के. म्हणून एवढ्या पाण्याने विहिरीची पातळी ३ मीटर २० सेंटिमीटर वर येते. पातळी भराभर वर येते, म्हणून लोकांना वाटते की पाणी खूप झाले. पण उपसा सुरू झाला की ती तितक्याच वेगाने खाली जाते. भांडे लहान आहे, एवढाच याचा अर्थ.

हेच ६४ मिलिमीटर एका हेक्टरवर मोजले तर ६ लाख ४० हजार लिटर होतात. माणशी दिवसाला शंभर लिटर धरले तर वर्षाला ३६ हजार ५०० लिटर लागतात. म्हणजे एक हेक्टर जमीन फार तर सतरा माणसांना वर्षभर पुरते. आपल्या वस्त्यांमध्ये एका हेक्टरवर शेकडो माणसे राहतात, आणि बरीचशी जमीन सिमेंटखाली गेलेली असते. गळक्या नळवाहिन्यांतून व गटारांतून काही पाणी मुरते हे खरे. त्यातले गटाराचे पाणी आपण परत पितो हेही खरे. निष्कर्ष असा की दाट शहर केवळ स्वतःच्या पायाखालच्या पाण्यावर जगू शकत नाही. त्याला नदी, धरण किंवा दुसऱ्याच्या शेतातले पाणी लागतेच. जमिनीखालचे पाणी हे अडीअडचणीचे गाठोडे आहे. ते कोण सोडतो आणि कोण बांधतो, हा खरा प्रश्न.

येथे एक भ्रम दूर केला पाहिजे. पुष्कळ लोक मानतात की खूप खोल गेले की जमिनीखाली वाहती नदी लागते. पाणाड्या हातावर नारळ उभा करतो, नारळ हलला की जागा ठरते, दक्षिणा दिली जाते आणि बोअर कोरडे गेले तर नशिबाला दोष. विज्ञाननिष्ठेचा वारसा सांगणाऱ्या आपण तरी या नारळाला शरण जाऊ नये. कातळात खोल जाल तसतशा भेगा कमी होत जातात. खोलवरचे पाणी फार सावकाश भरलेले असते. ते एका पावसाळ्यात परत मिळत नाही. शिवाय खोल बोअर वरच्या थरातले पाणीही खाली ओढून घेते. त्यामुळे शेजारच्या उथळ आडाचे पाणी आटते आणि आड असणाऱ्याला कारण कळत नाही.

३

या शेवटच्या वाक्यात सामाजिक प्रश्नाचे बीज आहे. भेगा सगळ्यांच्या खालून जातात. यंत्र मात्र काहींकडेच असते.

हापशाचा इतिहास पाहा. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात बोअर पाडण्याला वेग आला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा त्याच वर्षी स्थापन झाली. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे हापसे सतत मोडत. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये व पुढे सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या आणि त्यांतूनच युनिसेफच्या साहाय्याने 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस तयार झाला. नंतर तो आफ्रिकेच्या अनेक देशांत गेला. आपल्या मुलखातल्या गरजेतून निघालेल्या यंत्रावर आज परखंडातल्या बायाही पाणी भरतात, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. दलित वस्तीच्या दृष्टीने तर हापसा ही मोठी घटना होती. गावच्या विहिरीवर माझ्या आजीला स्वतःच्या हाताने पाणी शेंदता येत नसे. ती काठापासून दूर उभी राही आणि कुणाला दया आली तर वरून तिच्या घागरीत पाणी वाढले जाई. वस्तीत हापसा आला आणि ते वाट पाहणे संपले.

पण हापशाला मर्यादा आहे. नेहमीचा हातपंप सुमारे ४५ मीटरपर्यंतचे पाणी उचलतो. सबमर्सिबल मोटर शेकडो फुटांवरून उचलते. पातळी खाली गेली की पहिल्याने कोरडा पडतो तो सार्वजनिक हापसा. त्याच्या पलीकडच्या बंगल्यातील मोटर चालूच राहते. दोघांचे पाणी एकाच खडकातले. एकाचे संपले कारण दुसऱ्याने उपसले, हे निसर्गाचे सत्य. परंतु कागदावर कोणी कोणाचे काही घेतलेले नसते.

मी काही वर्षे शहरात एका भाड्याच्या खोलीत राहिलो. गल्लीत एका घरमालकाचे बोअर होते. त्याची टाकी भरली की तो भिंतीवरून पाइप खाली सोडी आणि बाया रांगेत हंडे लावीत. टिपाडाला अमुक पैसे, हंड्याला तमुक. भाडेकरूंना आधी, वस्तीतल्यांना नंतर, आणि भांडण करणाऱ्यांना नाही. माणूस वाईट नव्हता. त्याने जात विचारली नाही. तरी गावाहून आलेली माझी माय त्या रांगेकडे पाहून म्हणाली, "हे तर वरूनच वाढणं झालं." मी तिला पैशाचा व्यवहार समजावून सांगू लागलो; मग गप्प बसलो. तिने बरोबर ओळखले होते. पाणी वर, हंडा खाली, आणि मधल्या हातात मर्जी.

४

ही मर्जी कायद्यात कोठून आली? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतील जमिनीखालचे, निश्चित प्रवाहातून न वाहणारे पाणी गोळा करण्याचा व वापरण्याचा हक्क मान्य केला. ज्याची जमीन त्याचे पाणी. ज्याला जमीन नाही त्याला पाणी नाही, हे न लिहिताच लिहिले गेले. आपल्या समाजाचा मोठा भाग भूमिहीन. गाव सोडून शहरात आलेल्यांच्या झोपडीला कबाला नसतो. कबाला नाही म्हणून बोअरची परवानगी नाही, नळजोडणीला अडथळा, आणि म्हणून विकतचे पाणी.

संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या वापरात जातीवरून आडकाठी करण्यास बंदी घातली. परंतु तो अनुच्छेद बोलतो तो राज्याच्या पैशातून राखलेल्या किंवा सर्व जनतेसाठी खुल्या केलेल्या पाण्याविषयी. खाजगी बोअर त्या व्याख्येबाहेर राहते. याचा परिणाम नीट लक्षात घ्या. शहरातले सार्वजनिक पाणी जसजसे आटते आणि खाजगी बोअर जसजसे वाढते, तसतसे पाणी संविधानाने दिलेल्या हक्काच्या क्षेत्रातून निघून मालमत्तेच्या क्षेत्रात शिरते. कोणी हक्क हिरावून घेतला असे होत नाही. हक्क ज्या वस्तूवर होता ती वस्तूच तेथून उचलली जाते.

हा युक्तिवाद आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी कोर्टात जाऊन काय म्हटले? तळे सार्वजनिक नाही, खाजगी मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांनी ते न वापरण्याची फार जुनी रूढी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. तळे नगरपालिकेचे आहे हे कोर्टात सिद्ध झाले आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने रूढीचा दावाही फेटाळला. दहा वर्षे चाललेल्या त्या दाव्याचा एक कणा होता तो मालकीचा. महाडचे तळे नगरपालिकेचे निघाले म्हणून बरे झाले. आज आपल्या वस्तीभोवतीचे प्रत्येक बोअर एकेक छोटे चवदार तळे आहे, आणि त्याच्या मालकीचा कागद पक्का आहे.

कायदा अगदीच थांबला आहे असे नाही. १९९३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीवर निर्बंध आणले. त्याची जागा घेणारा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला. त्यात विहिरींची नोंदणी, बोअर पाडणाऱ्या यंत्रांची नोंदणी, शेती व उद्योगासाठी ६० मीटरहून खोल विहिरींना मनाई आणि पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम ही तत्त्वे आहेत. म्हणजे खाजगी मालकीला लगाम घालता येतो हे राज्याने तत्त्वतः मान्य केले आहे. पण आसपास नजर टाकली तर उसाच्या फडात आणि बंगल्यांच्या आवारात ६० मीटर ही मर्यादा कितपत पाळली जाते ते दिसते. कायदा वापरायला पुरावा लागतो, आणि पुरावा आपण गोळा केल्याशिवाय कोणी करणार नाही.

५

आफ्रिकेतील वाढत्या शहरांत अभ्यासकांनी हे काम बरेच केले आहे आणि त्यांचे अनुभव आपल्याला उपयोगी पडतील. झांबियाची राजधानी लुसाका भेगांच्या चुनखडीसारख्या खडकावर वसली आहे. तेथील गरीब वस्त्यांत उथळ विहिरी आणि खड्ड्यांचे संडास शेजारी शेजारी. मैला भेगांतून पाण्यात जातो. २०१७-१८ मध्ये तेथे कॉलऱ्याची मोठी साथ आली. दक्षिण आफ्रिकेच्या केपटाऊनमध्ये २०१८ साली नळ बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा श्रीमंतांनी आपापल्या बागांत बोअर घेतले आणि गरिबांच्या वाट्याला सार्वजनिक नळाची रांग राहिली. वर्णभेद कायद्यातून १९९४ मध्ये गेला. जमिनीखालच्या पाण्यात तो शिल्लक होता. तेथला रंग आणि येथली जात यांची भाषा वेगळी असेल, व्याकरण सारखे आहे.

नांदेडचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे शहर गोदावरीच्या काठी. विष्णुपुरीचा जलाशय उशाशी. २००८ च्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या निमित्ताने शहरावर मोठा खर्च झाला. तरीही नदीकाठच्या शहरातली कडेची वस्ती हापशावर आणि दुसऱ्याच्या बोअरवर अवलंबून असू शकते. तेव्हा लातूरचा प्रश्न पावसाचा आणि नांदेडचा सुकाळाचा, अशी विभागणी करू नये. पाणी जवळ असणे आणि पाण्यावर हक्क असणे या दोन गोष्टी आहेत.

आता अभ्यास कसा करावा ते सांगतो. यासाठी मोठा निधी लागत नाही. वही, मोजपट्टी, दोरी, घड्याळ आणि चार विद्यार्थी पुरेत.

पहिले, वस्तीचा नकाशा हाताने काढा. त्यावर प्रत्येक हापसा, आड, बोअर, सार्वजनिक नळ, संडासाचा खड्डा आणि गटार दाखवा. पाण्यापासून संडासाचे अंतर पावलांनी मोजून लिहा. आपल्या भेगाळ खडकात हे अंतर जीवनमरणाचे आहे.

दुसरे, प्रत्येक स्रोताचा जन्मदाखला तयार करा. कोणत्या वर्षी घेतला, किती फूट, केसिंग किती, पाणी पहिल्याने किती फुटांवर लागले, कोणत्या उन्हाळ्यात आटला. घरातील म्हाताऱ्या बायांना विचारा. पुरुष खर्च सांगतात, बाया पाण्याची साले सांगतात.

तिसरे, पातळी मोजा. उघड्या विहिरीत दोरीला वजन बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्या. सरकारी निरीक्षण विहिरींची मोजणी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत होते. आपणही त्याच महिन्यांत करावी, म्हणजे तुलना करता येईल. मोजण्यापूर्वी काही तास उपसा बंद असावा.

चौथे, उपसा मोजा. २०० लिटरचे टिपाड चार मिनिटांत भरले तर मोटर तासाला ३ हजार लिटर काढते. ती दिवसाला किती तास चालते ते विचारा. गुणाकार करा. मग वर केलेले हेक्टरचे गणित शेजारी मांडा.

पाचवे, पैसा आणि वेळ मोजा. एका कुटुंबाने आठवड्यात किती हंडे भरले, किती विकत घेतले, किती तास रांगेत गेले, रांगेत कोण उभे होते, कोणाची शाळा बुडाली. विकतच्या पाण्याचा हजार लिटरचा भाव काढा आणि नगरपालिकेच्या पाणीपट्टीशी ताडून पाहा. गरीब माणूस फुकट पाणी वापरतो हा प्रस्थापितांचा समज किती खोटा आहे ते तेथेच कळेल.

सहावे, पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक आणि फ्लोराइड दीड मिलिग्रॅमहून अधिक असू नये. नायट्रेट वाढलेले असेल तर बहुधा मैला पाण्यात उतरतो आहे.

एक पथ्य पाळावे. मालकांची नावे चव्हाट्यावर आणण्यासाठी ही मोजणी नाही. ज्याच्या बोअरवर वस्ती पाणी भरते त्याला शत्रू केला तर उद्या पाइप बंद होईल, आणि किंमत बायांना मोजावी लागेल. आपल्याला व्यवस्था उघडी करायची आहे.

६

या मोजणीतून मागण्या आपोआप निघतील. कबाल्याची अट न घालता प्रत्येक वस्तीला सार्वजनिक नळ. उन्हाळ्यात व्यावसायिक उपशावर मर्यादा. सार्वजनिक हापसा व विहीर यांच्या परिघाचे कायद्याने दिलेले संरक्षण. मोठ्या इमारतींच्या छतावरचे पाणी जमिनीत सोडण्याची सक्ती. शंभर चौरस मीटरच्या छतावर ८०० मिलिमीटर पावसाचे ८० हजार लिटर पडतात, आणि छते कोणाकडे मोठी आहेत हे सांगायला नको. बंद पडलेल्या जुन्या विहिरी कचऱ्याने बुजवण्याऐवजी साफ करणे. आणि पाण्याविषयी निर्णय घेणाऱ्या समित्यांत रांगेत उभ्या राहणाऱ्या बायांना जागा.

महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ती एका थोर माणसाची कृती होती. महाडला हजारो माणसे स्वतः तळ्याकडे चालत गेली. ती समाजाची कृती होती. औदार्यातून हक्काकडे जाणारा तो साठ वर्षांचा रस्ता आहे. आपण पुन्हा औदार्यावर येऊन ठेपलो आहोत, फक्त आता औदार्याला टिपाडाचा भाव आहे.

२०१६ च्या परतीच्या पावसाने मांजरा धरण भरले आणि लातूर रेल्वेला विसरले. दुष्काळ पुन्हा येईल. या मुलखात तो येतच असतो. तेव्हा आपल्या वस्तीच्या हातात मोजणीची वही असावी. नगरपालिकेच्या टेबलावर आपण विनंतीचा अर्ज घेऊन जाणार की आकडे घेऊन जाणार, हे येत्या मे महिन्यात दोरी घेऊन विहिरीवर कोण जातो यावर ठरेल. माझ्या वर्गातली मुले जाणार आहेत. वाचकांनी आपापल्या गावी हे काम सुरू करावे.